डफ वाजतोय, शब्द न्हाईत

“मालक, अजून तसंच हाय. डफ वाजतोय, शब्द न्हाईत.”

दस्तगीरमामा कबनूरहून एस.टी.नं तिसऱ्यांदा माझ्या दुकानात आले होते. कोल्हापुरात वीस वर्षं मोबाइल दुरुस्त करतोय मी. विहिरीत पडलेले, म्हशीनं तुडवलेले फोन बोलते केलेत. आणि हा धडधाकट फोन माझी अब्रू काढत होता.

मामा यंत्रमागावर कामाला आणि एका शाहिरांच्या पार्टीत झीलकरी. म्हणजे शाहिरांच्या मागं उभं राहून ओळीचा शेवट उचलून धरणारे. शाहिरांनी नवा पोवाडा रेकॉर्ड करून पाठवला होता. रविवारी कार्यक्रम. पाठ झाला नाही तर मामांच्या जागी दुसरा उभा राहणार, असं त्यांना तोंडावर सांगितलं होतं. पाठांतराला वेळ एकच, मागावर उभं असताना. तिथं खडखडाट एवढा, की इयरफोनशिवाय भागत नाही.

पहिल्या खेपेला मी नवे इयरफोन दिले. दुसऱ्या खेपेला फोन उघडून जॅक, म्हणजे पिन घालायची जागा, बदलून टाकली. आता प्लेअरच्या सेटिंगमध्ये शिरलो. इक्वलायझर म्हणून असतो, आवाजाचा जाड-बारीकपणा बदलायच्या पट्ट्या. त्या मी अशा काही ओढल्या की शाहीर रांजणात बसून गायला लागले. गुपचूप सगळं होतं तसं केलं.

मग एकदाचे इयरफोन स्वतःच्या कानांत घातले. हे आधीच करायला हवं होतं, पण अनुभवी माणूस तपासत बसत नाही. शब्द न् शब्द स्वच्छ. मी तोऱ्यात सांगितलं, फोन ठणठणीत आहे, आता शाहिरांनाच विचारा.

मामांचा चेहरा उतरला. काहीतरी पुटपुटले. ते ऐकायला म्हणून मी डाव्या कानातला इयरफोन काढला आणि पोवाड्यातले शब्दच गेले. नुसता डफ.

परत घातला, शब्द आले. काढला, गेले.

शाहिरांनी दोन माइक लावले होते. गळा डाव्या बाजूला, डफ उजव्या बाजूला.

“मामा, डाव्या कानानं ऐकू येतं का?”

“न्हाय की. लूमवर तीस वर्षं झाली. आमच्या खात्यात कुणाला धड ऐकू येतंय?”

“मग आधी सांगायचं न्हाय व्हय?”

“तुम्ही फोनचं विचारलासा. कानाचं कुठं विचारलासा?”

मी परत सेटिंगमध्ये शिरलो. यावर एक इलाज तिथं होता. मोनो ऑडिओ. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून दोन्ही कानांत सारखाच सोडतं. एक बटण. मी ते दाबलं आणि इयरफोन मामांच्या कानांत घातले.

मामांनी डोळे मिटले. मान डोलायला लागली. आणि भर दुकानात त्यांनी अशी झील उचलली, की समोरचा वडेवाला झारा घेऊन बघायला आला.

रविवारी मी दुकान बंद ठेवून कबनूरला गेलो. मामा शाहिरांच्या मागं, आपल्या जागेवर. एक ओळ हातची गेली नाही. माझी छाती अशी फुगली, की शेजारच्या पावण्यांना मी दोनदा सांगितलं, त्यांचं सेटिंग मी केलंय. तिसऱ्यांदा सांगायच्या आत ते उठून दुसरीकडं बसले.

आता हेडफोनची तक्रार आली की मी आधी गिऱ्हाइकाच्या दोन्ही कानांची चौकशी करतो. स्क्रूड्रायव्हर त्यानंतर.