तिसऱ्या दिवसाच्या गोळ्या

शनिवार, १६ मार्च. सकाळी सात ते दुपारी दोन, धाकट्या जावेला नऊ उलट्या. पाण्याचा घोटही टिकेना. उलटीवरच्या गोळ्या सापडल्या. बटणांच्या बरणीत!

माझी जाऊ शिलाईकाम करते. पडदे, गणवेश, लांब झालेल्या पँटी. दोघींचेही नवरे गेल्यापासून आम्ही एकत्र राहतो. पुढच्या खोलीत तिचं मशीन, मागच्या खोलीत माझ्या रोजच्या नोंदींच्या वह्या. जुनं रीळ संपल्याशिवाय ती नवं उघडत नाही. उसवलेला दोरासुद्धा गुंडाळून ठेवते. गुरुवारी तिला पहिली केमो दिली, आणि निघताना नर्सने पुढच्या तीन दिवसांच्या गोळ्या हातात ठेवल्या. शुक्रवारी बाई ठणठणीत. मग गोळ्या कशाला वाया घालवायच्या? लागतील तेव्हा असाव्यात, म्हणून गेल्या बरणीत.

"अगं, त्या काय बटणं आहेत, तुटल्यावर लावायला?"

"जाऊबाई, ओरडू नका. सगळं हलतंय." आणि पुन्हा बादली.

दवाखान्यात नेलं. नर्सने सुई टोचली, सलाईन लावलं आणि शांतपणे समजावलं, "केमोच्या दिवशीची उलटी आम्ही इथेच औषध देऊन थोपवतो. दुसरी उशिरा येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि चार-पाच दिवस मुक्काम करते. या गोळ्या तिच्यासाठी. बरं वाटत असलं तरी घ्यायच्याच."

जाऊ डोळे मिटून म्हणाली, "मला पुढची केमोच नको. गाठ राहू दे तिथेच." ती थट्टा करत नव्हती.

दोन दिवसांनी उलट्या थांबल्या, ती घरी मशीनवर बसली. मग एका कोटाला अस्तर लावता लावता अचानक म्हणाली, "म्हणजे फाटायच्या आधीच अस्तर लावायचं, असंच ना?"

"तेच."

"मग ती नर्स पोरगी सरळ तसं का नाही बोलली? बरं, एकदा बघते. पुन्हा असं झालं तर केमो बंद, आणि तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही."

मी कबूल केलं. कसं केलं, माझं मला माहीत.

चार एप्रिलला दुसरी केमो झाली. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी नाश्त्यानंतर एक आणि झोपताना एक, गोळी आणि पाणी घेऊन समोर उभी.

"जीभ वर कर."

"दवाखान्यातली सिस्टर शिरलीय तुमच्या अंगात!"

"शिरू दे. गीळ."

शनिवारी, तिसऱ्या दिवशी, पहाटे साडेपाचला पुढच्या खोलीतून आवाज आला म्हणून मी बादली घेऊन धावले, तर मशीन धडधडतंय. सकाळच्या गोळीने झोप कमी आणि भूक जास्त होईल, असं नर्स म्हणाली होतीच. पण जाऊबाईंनी चार गणवेश हातावेगळे केले होते आणि तोंड मशीनपेक्षा जोरात चालू होतं.

"मळमळतंय?"

"मळमळ कसली! अंडी आहेत का?"

तिने तीन अंडी खाल्ली, मग माझ्या ताटातलं. दहाला पोस्टमन आखूड करायला दिलेली पँट न्यायला आला. एक पाय घोट्यापर्यंत, दुसरा गुडघ्यापर्यंत.

"बाई, हे काय?"

"उकाडा किती आहे! एक पाय तरी मोकळा राहू दे!"

तो बिचारा पँट अंगाला लावून उभा, आणि आम्ही तिघंही भिंतीला धरून हसतोय. एवढ्यात जावेने तोंडावर हात दाबला. माझं हसू जागीच गोठलं. मी बादली पुढे केली, पोस्टमन दोन पावलं मागे सरला.

"उलटी?"

तिने मान हलवली, हात काढला आणि एक दणदणीत ढेकर दिला.

"जीव गेला असता की माझा!"

"जाऊ नका देऊ," ती डोळे पुसत म्हणाली, "मला दवाखान्यात कोण नेणार?" मग माझी वही ओढून तिने स्वतःच्या हाताने लिहिलं: २५ एप्रिल, तिसरी केमो.

त्याखाली संध्याकाळी मी नोंद केली: आठवड्याचे बटाटे आजच संपले. भात दोनदा लावला.