छत्तीस इंचांचं चैत्रांगण

कलावतीकाकू बसखाली गेल्या तेव्हा मी किंचाळले.

बस उभी होती. इंजिन बंद होतं. ड्रायव्हर साईनाथ खाली उतरून माझ्या शेजारीच उभा होता. तरी किंचाळले. चौसष्ट वर्षांची बाई, पदर खोचलेला, आणि मागच्या चाकांमधून बाहेर फक्त दोन टाचा.

"एक्कावन्न," खालून आवाज आला. "अक्षदा, लिही. आतल्या चाकापासून आतल्या चाकापर्यंत एक्कावन्न इंच."

मी तळहातावर लिहिलं.

"मावशी, माझ्या गाडीच्या कमरेचं माप घेताय का?" साईनाथ म्हणाला.

"तुझ्या गाडीला कंबर आहेच कुठे?" काकू म्हणाल्या आणि धूळ झटकत बाहेर आल्या. गळ्यात टेप, जशी ती रोज असते.

काकू आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. इमारत मानपाडा रोडला लागून आहे. त्या ब्लाउज शिवतात, साड्यांना फॉल लावतात आणि तयार कपडे सायकलवरून घरोघर पोचवतात. काका गेल्यावर, बावन्नाव्या वर्षी त्या सायकल शिकल्या. मागून कॅरियर धरून मी पळायचे. मी तेव्हा बारा वर्षांची होते. तेव्हापासून त्या मला मैत्रीण म्हणतात आणि मी त्यांना काकू.

गेल्या वर्षी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका गाडीचं दार अचानक उघडलं. काकू पडल्या. मनगट दोन महिने प्लास्टरमध्ये होतं. त्यांच्या मुलाने, विनीतने, सायकल माळ्यावर टाकली. कपडे न्यायला लोक घरी येऊ लागले. काकू मात्र दुपारी खिडकीत बसू लागल्या. त्यांना बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग आमच्या रस्त्यावर लेन आली. डाव्या कडेला पिवळी रेघ, आत फक्त बस आणि सायकली. सहा महिन्यांचा प्रयोग. विनीतने सायकल खाली काढली.

"आई, लेन आहे तोवर सायकल. लेन गेली की भंगारवाला."

"बरं," काकू म्हणाल्या.

लेन चार दिवस रिकामी राहिली. पाचव्या दिवशी बसथांब्याअलीकडे एक स्कूटर उभी राहिली. आठवड्याभरात तिथे रिक्षांची रांग लागली. बस रेघेबाहेरून जायची, सायकली बसच्याही बाहेरून. सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं, फक्त एक पिवळी रेघ जास्त. अखेर खांबावर महापालिकेचा कागद लागला. येत्या शुक्रवारी पाहणी. लेन मोकळी राहत नसेल तर बंद.

रविवारी काकू रिक्षावाल्यांकडे गेल्या. गुणाजी त्यांच्यातला सगळ्यांत जुना.

"ताई, रिक्षा काय डोक्यावर घेऊन उभा राहू?"

"तुझं स्टँड पलीकडे आहे, गुणाजी."

"पलीकडं ऊन हाय. हिकडं झाड हाय."

काकू परत आल्या. रात्रभर काही सुचलं नाही म्हणाल्या. पण चैत्र चालू होता. पाडव्याच्या स्वागतयात्रेत चौकभर रांगोळी घालणाऱ्या बायकांत काकू दरवर्षी असतात आणि पुढे महिनाभर दारात चैत्रांगण काढतात. शंख, कमळ, तुळशीवृंदावन, हत्ती, गाईची पावलं.

सोमवारी पहाटे त्यांनी ते दारात काढलं नाही. लेनमध्ये काढलं. रेघेपासून फुटपाथपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सात वाजता गुणाजी आला. त्याने ब्रेक दाबला. रिक्षातून उतरून रांगोळीकडे बघत राहिला.

"ताई, ही चीटिंग हाय."

"जा की वरून. मी कुठे अडवलंय?"

गुणाजी गेला नाही. कोणीच गेलं नाही. एका स्कूटरवाल्याने तर चप्पल काढून रांगोळी ओलांडली. मी थक्क झाले. दंडाच्या पाटीला जे जमलं नव्हतं ते पावशेर रांगोळीने केलं होतं. काकू आमच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत उभ्या राहून चहा पीत होत्या. चेहरा विजयी.

साडेसातला बस आली. रांगोळीपुढे थांबली.

"साईनाथ, ये की!" काकूंनी वरूनच हाक मारली.

"सकाळी सकाळी तुळशीवरून गाडी घालू? आई घरात घेणार नाही मला."

त्याने बस रेघेबाहेर काढली आणि भर रस्त्यात उभी केली. एक आजोबा दोन मोटारसायकलींच्या मधून कसेबसे उतरले. मागून पाववाला सायकलवर आला. तोही कमळ चुकवायला बाहेर वळला, थेट एका टेम्पोपुढे. टेम्पोवाल्याने जे शब्द वापरले ते मी लिहीत नाही.

मग काकू स्वतः ब्लाउजची पिशवी घेऊन निघाल्या. रांगोळीपाशी आल्या. पाय टेकले. सायकल उचलून फुटपाथवर ठेवली आणि चालू लागल्या.

वळून माझ्याकडे बघितलं. मी हसू दाबत होते.

"हस," त्या म्हणाल्या. "मापात चूक झाली. घेर जास्त झाला."

मंगळवारी त्या बसखाली गेल्या.

"एक्कावन्न. मार्जिन सोडून छत्तीस," त्या मला समजावत होत्या. "छत्तीस इंचांची उभी पट्टी, लेनच्या मधोमध. बसची चाकं दोन्ही अंगांनी जातील. डावीकडे सायकलला वाट राहील. फुटपाथच्या काठाला चार-चार फुटांवर गाईचं पाऊल. स्कूटर लावायची तर पावलावरच लागेल."

"आणि रिक्षा?"

"रिक्षाचं पुढचं चाक कुठे असतं?"

मधोमध. म्हणजे थेट कमळावर.

साईनाथशी बोलणी त्याच फेरीत झाली. थांब्यावर बस असली की सायकल मागे थांबणार. सायकल पुढे असली की बस भोंगा वाजवणार नाही.

"आणि मी कमळाला चाक लावलं तर?"

"तर आईला सांगेन."

बुधवारी पहाटे काकूंनी जुनं पुसून पट्टी काढली आणि पहिल्या फेरीला साईनाथने बस मुंगीच्या चालीने आणली. मान खिडकीबाहेर. प्रवासीही वाकून बघत होते. "डावी, अजून डावी," असं अर्धी बस ओरडत होती. चाकं पट्टीच्या दोन्ही बाजूंनी गेली. हत्ती जागेवर होता.

गुणाजी पलीकडे उन्हात उभा राहून हे सगळं बघत होता. डोक्यावर ओला रुमाल. काकूंनीही त्याला बघितलं. संध्याकाळी त्यांनी बाजारातून हिरवी शेडनेट, रोपांवर बांधतात ती जाळी, आणली, दुहेरी करून मशीनवर घातली. गुरुवारी दुपारी साईनाथ आणि मी ती रिक्षा स्टँडवर खांबांना बांधली. गुणाजीने गाठी तपासल्या. आभार मानले नाहीत. "कडेला दोरी अजून पायजे व्हती," एवढंच म्हणाला.

शुक्रवारी नऊला पाहणीची जीप आली. लेनमध्ये शिरणार तोच जीपच्या ड्रायव्हरला गाईची पावलं दिसली. त्याने जीप पलीकडे नेली. साहेबांना रस्ता ओलांडून चालत यावं लागलं.

त्याच वेळी बस आली. बसपुढे काकूंची सायकल होती. भोंगा वाजला नाही. काकू डावीकडून पुढे गेल्या, बस पट्टीवरून सरळ थांब्याला लागली. मागून पाववाला आला, थांबला, बस निघाल्यावर निघाला. साहेब दोनदा घड्याळाकडे बघून काहीतरी लिहीत होते.

"रस्त्यावर ही रांगोळी कोणाच्या परवानगीने?" त्यांनी विचारलं.

"चैत्राच्या," काकू म्हणाल्या.

साहेब हसले नाहीत. "आणि चैत्र संपल्यावर?"

विनीत ऑफिसला जाता जाता थांबला होता. त्याने आईकडे बघितलं, मग सायकलकडे. काकूंचा हात टेपच्या टोकाशी खेळायला लागला.

पलीकडून गुणाजी ओरडला, "संपू दे की! आमी कशाला येतोय तिकडं? हितं सावली हाय."

साहेबांनी वळून बघितलं. हिरव्या सावलीत सात रिक्षा ओळीत उभ्या होत्या. एका रिक्षात कोणीतरी चक्क झोपलं होतं.

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. मग वही मिटली. "लेन राहील. पलीकडच्या स्टँडला पक्कं छप्पर सुचवतो." जाताना वाकून हत्तीकडे पाहिलं. "सोंड छान आलीय."

काकूंनी सायकल स्टँडवर लावली. मग विनीतला जवळ बोलावलं.

"भंगारवाल्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

"आई, अगं लेन राहिली ना. आता कशाला?"

"फोन लाव त्याला. माळ्यावर तुझी ती व्यायामाची सायकल तीन वर्षं पडून आहे. तेवढी घेऊन जा म्हणावं."