चपला काढून बघायची गाडी

जुनी, बंद पडलेली मोटार दिसली की आमचे दाजी आधी पायातल्या चपला काढायचे. मग ती कोंबड्यांनी घाण केलेली असो, नाहीतर चारी चाकांनी मातीत रुतलेली असो. अनवाणी एक फेरी मारायची, बॉनेटवर हात ठेवायचा आणि बघत राहायचं. आत मात्र बसायचं नाही. मी चिडून म्हणायचो, अहो, देऊळ हाय का ते? दाजी म्हणायचे, "बसायचं तर आपल्या गाडीत."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. काटेवाडीचे ऊसवाले. त्यांचे वडील आमच्या इंदापुरात एका डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. काळी, फुटबोर्डाची, पितळी दिव्यांची विलायती गाडी. लहानपणी दाजींनी ती धुतली, पुसली, पण वडिलांनी त्यांना आत पाऊल ठेवू दिलं नाही. मालकाची गाडी, चपला काढून बाजूला उभं राहायचं. ते जे मनात बसलं ते कायमचं.

इंदापुरात माझं बॅटरीचं दुकान. कुणाच्या गोठ्यात कोणती गाडी गंजतेय ते मला कळायचं, आणि माझ्याकडून दाजींना. मग निघाली स्वारी बघायला. गाड्यांना त्यांनी घरातल्या सुनांसारखी गावावरून नावं दिली होती. ही पिंपळीची, ती कोऱ्हाळ्याची. अक्का म्हणायची, "बघायला जात्यात धा जागी, अन् घरात येक येईना."

येणार कशी? दाजी मागायचेच नाहीत! पिंपळीची गाडी त्यांच्या एका सोयऱ्याच्या दारात होती. आम्ही किती वेळा गेलो असू. चहा व्हायचा, उसाच्या तोडीच्या गप्पा व्हायच्या, कॅनॉलच्या पाण्यावर वाद व्हायचा, पण गाडीचं नाव नाही. परतताना एकदा मी भडकलोच. दाजी शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, दारातली वस्तू मागायची म्हंजी तुमचं घर बसलं असं त्येंच्या तोंडावर म्हणायचं. त्येंनी काढू द्या की इषय." सोयऱ्याने विषय काढला नाही. पुण्याचा कुणी शौकीन आला, त्याने सरळ मागितली आणि ट्रकवर घालून नेली. पुढे तो सोयरा मला म्हणतो कसा, दाजींनी नुसतं तोंड उघडलं असतं तर त्यांनाच दिली असती, आम्हाला वाटलं त्यांना नको असेल. काय बोलायचं आता! कोऱ्हाळ्याचीही तशीच गेली.

उरली डॉक्टरांची. डॉक्टर वारले होते, गाडी मागच्या आवारात ताडपत्रीखाली. दाजी दर दिवाळीला डॉक्टरीणबाईंना गुळाची ढेप द्यायला जायचे, मी सोबत. बाईंना मी गाडीचं विचारू नये म्हणून त्यांनी मला अक्काची शपथ घातली होती. आणि एका दिवाळीत बाई आपणहून म्हणाल्या, "मुलगा इथं बंगला बांधतोय. ही गाडी तुमच्या वडिलांच्या हातातली. तुम्हीच घेऊन जा."

दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, आत्ता ट्रॅक्टर बोलावतो. तर हे म्हणतात, उद्या. का? तर आज शनिवार. शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत. दाजींचा स्वतःचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता, पण अक्काचा शनिवार फार कडक, आणि त्या वर्षी ती अंथरुणाला खिळलेली. "तिच्या जिवाला घोर लागंल, पाव्हणं," दाजी म्हणाले.

रविवारी दाजी ट्रॅक्टर धुऊन आले. ट्रॉलीत उसाचं पाचट अंथरलेलं, गाडीला धक्का बसू नये म्हणून. आवारात गेलो तर भंगारवाला गॅस कटर बंद करत होता. बाई देवळात गेल्या होत्या, तेवढ्यात मुलाने आवार साफ करायला घेतलं होतं. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. छत एकीकडे, दारं एकीकडे. दाजींनी सवयीने चपला काढल्या आणि त्या तुकड्यांपुढे उभे राहिले. बाई पायरीवर बसून रडत होत्या. तर हाच माणूस त्यांची समजूत घालतोय, "असू द्या बाई. जुनीच हुती."

काटेवाडीला दारात खाटेवर अक्का. उशांना टेकून बसलेली, हातात ताट, ताटात भाकरीचा तुकडा, गाडीवरून ओवाळून टाकायला. रिकामी ट्रॉली बघून तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत दाजी म्हणाले, "जवळनं बघितली अन् मनातनं उतरली. लई सडली हुती."

अक्का म्हणाली, "मग बरं झालं, काल आणू दिली न्हाय ते."

"व्हय," दाजी म्हणाले. "बरं झालं."

संक्रांतीच्या आधी अक्का गेली. तिला खरं कधीच कळलं नाही. मला मात्र ते 'बरं झालं' आजही झोपू देत नाही.

पुढे माझ्या मुलीच्या लग्नात वरातीला पुण्याहून जुनी गाडी मागवली होती. काळी, फुटबोर्डाची. बॉनेटवर फुलांच्या माळा. नवरानवरी मागे बसली. मी पुढचं दार उघडून म्हटलं, बसा दाजी, आज आपलीच हाय. दाजींनी गाडीकडे पाहिलं. पायांत चपला तशाच होत्या.

"नको पाव्हणं," ते म्हणाले. "बसलो म्हणून घरी जाऊन सांगू कुणाला?"

आणि वऱ्हाडात शिरून गाडीमागून चालायला लागले.