रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन

कॉम्प्युटरच्या धंद्यात किस्से कधी कमी पडत नाहीत. मशीन चुकतं, पण चेहरा गंभीर ठेवून चुकतं. तोंड लपवायची वेळ आपल्यावर येते! नव्वदच्या आसपास जळगावात आमचं तीन माणसांचं ऑफिस होतं. मालक नाना, प्रोग्राम लिहिणाऱ्या धुळ्याच्या शोभाताई, आणि त्यांच्या हाताखाली नवखा मी. रावेरच्या केळीवाल्यांच्या वजनकाट्याचा प्रोग्राम हे आमचं पहिलं मोठं काम. ते फसलं असतं तर ऑफिसला कुलूप, आणि मी परत पारोळ्याला, वडिलांच्या किराणा दुकानात! तसं झालं नाही ते ताईंमुळे. त्यांचे उपकार मी अजून मोजतोय.

*

पहिला तुकडा लिहून मी मिरवत सांगितलं, "ताई, चालला!"

"बैलगाडीपण चालते. कुठं पोचली ते सांग."

मग त्यांनी शिकवलं: मशीनला विचारायच्या आधी उत्तर आपण काढून ठेवायचं. दोन्ही जुळली, तरच पुढं जायचं.

*

म्हणून मी तपासणीचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक वजनापुढे 'बरोबर' झळकायचं. मी खूश! ताईंनी गुपचूप मूळ प्रोग्राममधल्या माझ्या वजाबाकीची बेरीज करून ठेवली. तरी 'बरोबर'च!

ताई आपल्या अहिराणीवर आल्या, "हाऊ तुना तपासनीस म्हंजे पंगतमधला लाजाळू जवाई. काही भी वाढा, छान शे म्हनस!"

तेव्हापासून मी आधी प्रोग्राम मुद्दाम मोडून बघतो. तपासणी 'चूक' म्हणाली, की मगच तिच्यावर विश्वास.

*

हिवाळ्यात नानांनी शेतात भरीत पार्टी ठेवली. वांगी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजून झाली, आणि भुकेल्या नानांनी सगळी एकदम लाकडी बडगीत टाकून कुटली. त्यातलं एक निघालं कडूजहर!

ताई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "एकेक वांगं फोडीसन देखं ऱ्हातं ते एकच फेकनं पडतं. आते बठ्ठंच गयं!"

सगळंच भरीत गेलं; आम्ही ठेच्याशी भाकरी खाल्ली. सोमवारी मी माझा लांबलचक प्रोग्राम तोडून त्याचे तुकडे केले आणि एकेक तुकडा वेगळा तपासायला लागलो. नाना बिचारे बरेच दिवस वांग्याचं नाव काढत नव्हते.

*

एकदा गिऱ्हाईक यायच्या वेळी स्क्रीनवर 'चूक' दिसत होतं. आम्ही चहा घेऊन परत येतो तर स्क्रीन स्वच्छ.

"नाना, तुम्ही दुरुस्त केलं?"

"केलं की! चूक दाखवणारा प्रोग्रामच पुसून टाकला!"

ताईंनी नानांच्या खुर्चीपासून कीबोर्ड लांब सरकवला. तो प्रोग्राम मी पुन्हा टाइप केला.

*

काट्याचा हिशेब सोपा होता. ट्रॅक्टर एकदा रिकामा तोलायचा, एकदा केळी भरून. फरक म्हणजे केळीचं वजन. ताई म्हणाल्या, "दोन्ही वेळेला रिकामाच आला तर?"

"तर शून्य. पण ताई, असा येडा येणार कोण?"

"तू तपास."

तपासलं. प्रोग्रामनं शून्य दाखवायच्या ऐवजी आधीच्या ट्रॅक्टरची केळी याच्या नावावर टाकली! माझं हसू जागीच जिरलं. आम्ही ती चूक काढली.

*

आणि मग रावेरला उद्घाटन. नारळ फुटला. केळीनं भरलेल्या गाड्यांची रांग लागली, पण कुणी पुढं येईना. सगळे बघत होते आबांकडे. आबा गावातले सगळ्यात जुने केळीवाले. ते नाही म्हणाले की गाव नाही म्हणणार. नानांच्या कपाळावर घाम. तोलून झाली होती फक्त एक गाडी, तीही नानांच्याच मेहुण्याची!

मग आबा उठले, आपला रिकामा ट्रॅक्टर काट्यावर चढवला. वजन झालं. खाली उतरवला, एक चक्कर मारून आणला, आणि तसाच रिकामा पुन्हा चढवला.

"सांग आता. माही केळी किती?"

मी बटण दाबलं. ताईंनी माझा खांदा घट्ट धरला होता.

स्क्रीनवर आलं, शून्य.

आबांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि रांगेकडे वळून ओरडले, "काहीच नाही, त काहीच नाही सांगते! आना रे, माह्या केळीची गाडी पह्यले आना!"