खुडूक कोंबडीखालची अंडी

सिंदी गावातल्या आमच्या घरी माय कोंबड्या पाळायची. एखादी खुडूक झाली, की तिच्याखाली टोपल्यात अंडी बसवायची. मग काही दिवसांनी दार लोटून, अंधार करून, एकेक अंडं टॉर्चसमोर धरायची. आत लाल रेषांचं जाळं आणि मधे हलणारा ठिपका दिसला, तर अंडं परत टोपल्यात. हृदय मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. पुढे त्याच ठिपक्यावर नोकरी लागली.

वर्ध्याच्या प्रयोगशाळेत आम्ही कोंबडीच्या गर्भात हृदय कसं घडतं ते बघतो. मोठेपणी इजा झाली तर ते तसंच पुन्हा का घडत नाही, तिथे वण का राहतो, हेही. एकदा अंडी मिळेनात, म्हणून मायला फोन केला. सिंदीहून वर्ध्याला रोज अप-डाऊन करणाऱ्या तिच्या शेजारणीच्या हाती डबा आला. अंडी कापसात नीट ठेवलेली. फोडली तर गर्भाचे डोळेसुद्धा दिसू लागलेले. आम्हाला हवी होती हृदयाची अगदी सुरुवात, आणि मायने अंडी आधी कोंबडीखाली बसवली होती. विचारलं, तर म्हणाली, तुझं अर्धं काम करूनच धाडलं. आमच्याकडे कुणी आगाऊपणा केला, की अजून हेच वाक्य ऐकू येतं.

नंतर मायला अटॅक आला. मी तिला वर्ध्यात नालवाडीला माझ्या घरी आणलं, कोंबड्या शेजारणीकडे गेल्या. गोळ्या वेळेवर, जेवण बेताच्या मिठाचं. माय रोज सिंदीला जायची पिशवी भरून दाराशी ठेवायची, मी ती संध्याकाळी रिकामी करायची. डॉक्टरांनी तिला चालायला, जिना चढायला मोकळीक दिली. सिंदीला एकटी राहायला मात्र मी नाहीच म्हणत होते.

एका सकाळी चहा पिताना तिने विचारलं, "माह्या दिलावरचा वण जाईन का?"

मी नाही म्हटलं. काही माशांचं हृदय कापलं तरी पुन्हा भरून येतं, माणसाचं येत नाही. मेलेल्या स्नायूच्या जागी वण धरतो. तो जागा सांधून ठेवतो, पण ठोका देत नाही.

"अन् बाकीचं?"

"बाकीचं चालू आहे."

"मंग बाकीचं घेऊन जातो मी सिंदीले. त्या वणापायी मले कायले बसवून ठेवतं?"

त्या संध्याकाळी मी पिशवी रिकामी केली नाही. रोज सकाळी फोन, गोळ्या चुकवायच्या नाहीत, भरलेली बादली उचलायची नाही, अशा अटी मी घातल्या. तिने सगळ्यांना हो म्हटलं. बादलीचं ती ऐकणार नाही, हे दोघींना माहीत होतं. रविवारी पॅसेंजरने तिला पोचवून आले.

काही दिवसांनी शेजारीण अंड्यांचा डबा देऊन गेली. मागोमाग मायचा फोन.

"या टायमाले बसवले नाई हां. खाऊन घेजो."

तरी सवयीने मी एक अंडं मोबाईलच्या उजेडासमोर धरलं. आत काही हलत नव्हतं. मग कांदा चिरायला घेतला.