जामिनावरची शांताक्का

बेळगावच्या इस्पितळात तपासणीला जायचं असलं, की शांताक्का आदल्या दिवशी साऱ्या वाडीला सांगत सुटायची, "उद्या हजेरी हाय माझी. जामिनावरची बाई मी!" गुंद या आमच्या खेड्यात आमची घरं लागून, त्यामुळे प्रत्येक हजेरीला सोबत माझीच.

तिची एक किडनी खड्यांपायी पूर्वीच निकामी झाली होती. पुढे लघवी लाल झाली, तर बाईने खापर फोडलं भिरंडांवर. उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघरी भिरंडांचं, म्हणजे कोकमाचं, लाल पाणी पितात. "लई प्याले, उतरलं खाली," म्हणत तिने सारा हंगाम अंगावर काढला. भिरंडं संपली तरी लाली जाईना, तेव्हा कुठे बसमध्ये बसली.

उरलेल्या किडनीत, लघवी साठते तिथल्या अस्तरावर, कॅन्सरची गाठ निघाली. किडनी काढली तर जन्मभर डायलिसिस, म्हणजे गाव सोडून बेळगावात लेकीकडे राहणं आलं. पण गाठ लहान आणि सौम्य जातीची होती. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ती लेझरने जाळता येईल, किडनी वाचेल, मात्र गाठ पुन्हा उगवू शकते म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी समजावलं.

"जाळा," शांताक्का म्हणाली. "घर सोडून मी काय करू?"

गाठ जळाली. शांताक्का कोनफळं लावायला परतली, पण सुटली नाही. न्हाणीतून बाहेर आली की माझी नजर तिच्या चेहऱ्याकडे जायची आणि ते तिला बरोबर कळायचं. "स्वच्छ हाय गे! तू आपली भाकरी बघ," असं खेकसायची. मला तिचा राग यायचा आणि तिच्यासाठी भीतीही वाटायची.

बऱ्याच हजेऱ्या सुखरूप गेल्या. मग एका तपासणीत गाठ परतलेली दिसली, या वेळी वाईट जातीची, खोल रुतलेली. आता किडनी ठेवली तर जीव जाईल, डॉक्टरांनी सांगितलं. "दोन्हीकडनं दार बंद झालं गे," जिन्यात ती एवढंच बोलली. लेक रडली म्हणून तिने किडनी काढायला होकार दिला.

परवा तिला भेटायला गेले. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. आता लघवी होत नाही, म्हणून तिला पाणी मोजूनमापून मिळतं. तिने माठातून तांब्या भरून माझ्यासमोर ठेवला. तहान नाही म्हटलं, तर हट्टाला पेटली.

"पी गे. सावकाश पी. मला बघू दे."

मी घोट घोट प्याले. तांब्या रिकामा होईपर्यंत तिची नजर माझ्या गळ्यावरून हलली नाही.