अक्कांचा टीव्ही आधी बोलायचा

अक्का आता पुण्याला लेकाकडं राहतात. लातूरला त्यांचं घर आणि माझं घर एकाच भिंतीचं. त्या गेल्यापासून त्यांच्या घरात क्लासच्या मुली भाड्यानं राहतात. मुली गुणाच्या आहेत, सदा पुस्तकात डोकं. भिंतीला कान लावला तरी पलीकडून आवाज म्हणून येत नाही. संध्याकाळी दिवा लावला की ही शांतता मला सोसवत नाही, म्हणून म्हटलं, चला, आमच्या टीव्हीचं तरी लिहून काढू.

मी माहेरची मुखेडची. लग्न होऊन नांदेडला आले आणि ह्यांच्या बदलीनं लातूरला येऊन पडले ती पडलेच. नांदेडला नवी नवरी होते तेव्हा आमच्या गल्लीत एकच टीव्ही. काळा-पांढरा, लाकडी दारांचा. रविवारी सकाळी त्या घरात अख्खी गल्ली लोटायची. पुरुष पुढं सतरंजीवर, लेकरं त्यांच्या मांडीवर, आणि आम्ही सुना स्वयंपाकघराच्या दारात, डोईवरचा पदर सावरत. पडद्यावर मुंग्या आल्या की कुणीतरी अँटेना फिरवायला गच्चीवर चढायचं आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं... गेलं! परत फिरवा!"

पण तिथं नुसतं उठून जाता येत नव्हतं बरं. बाईमाणसानं कुणाच्या घरी जायचं तर काहीतरी काम लागायचं. मी निघाले की सासूबाई विचारायच्या, "कुठं?"

"विरजण आणते."

विरजण आणायला मला दीड-दोन तास लागायचे. सासूबाईंना कळत नव्हतं असं नाही. थोड्या वेळानं त्याही यायच्या, "पोरीला इतका वेळ का लागला बघायला आले" म्हणत, आणि माझ्याच शेजारी बसून शेवटपर्यंत बघायच्या.

अशी सवय लागलेली मी बाई. लातूरला आल्यावर हे वारले, मुलगा नोकरीला नांदेडला गेला, घरात मी एकटी उरले, तरी शेजारी जायला पाय उचलेना. काय काम म्हणून जावं? अक्का मूळच्या उदगीरकडच्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. मालकांचं भुसार दुकान होतं, तेही कधीचे वारलेले. आम्ही दोघी दारात दिसलो की बोलायचो. नळ आला का, टँकर कधी येणार, गुडघा कसा आहे. एवढंच. मग दारं लावून आपापल्या घरात.

मग अक्कांच्या लेकानं पुण्याहून टीव्ही पाठवला. हा एवढा, भिंतभर. वर छत्री बसवली, सोबत एचडीचा डबा. पहिल्याच संध्याकाळी अक्कांनी भिंतीवर थापा मारल्या.

"ए माय, ये लवकर! हिच्या तोंडावरची पावडर दिसायलीय!"

मी गेले. आणि काय सांगू, डोळ्यांवरचा पडदा सरल्यासारखं झालं. माझ्याकडं तेव्हा तो जुना, मागं पोट सुटलेला डबा होता. त्यात माणसं ओळखू यायची, पण आवाजावरून. तीच मालिका मी घरी बघत होते, आणि अक्कांकडं बघते तर त्यातल्या सासूच्या अंगावर चक्क इरकल!

"अक्का, ही तर इरकल हाय!"

"मग तुला काय वाटलं?"

"मला वाटलं साधीच सुती हाय."

"शिव शिव! म्हणजे इतके दिवस तू आंधळ्यावानी बघायलीस."

तेवढ्यात सून देवळात आली. दगडी देऊळ, मोठे मोठे खांब. कुठून तरी वारा आला असेल, सुनेचा पदर उडाला, आणि तिच्या मागचा खांबही जरासा डुलला. रंगवलेलं कापड होतं ते! आम्ही दोघी इतक्या हसलो की सून देवापुढं रडून काय म्हणाली ते राहूनच गेलं.

त्या दिवसापासून नेम झाला. संध्याकाळी अक्कांची लिंगपूजा आटोपली, कपाळाला विभूती लागली, की भिंतीवर थाप. मी मेथी नाहीतर शेंगा घेऊन जायची. निवडायला दोन हात आणखी मिळायचे आणि मला जायला कामही. खिडकीजवळची वेताची खुर्ची माझी. जाहिराती लागल्या की अक्का आवाज बंद करायच्या आणि आम्ही बोलायचो. पोरांचं, सुनांचं, गेलेल्या माणसांचं. मालिकेत काय चाललंय हे कधी कधी नीट कळायचं नाही, पण जाहिरात मात्र आम्ही एकही चुकवली नाही.

आता माझ्या मुलाचं ऐका. त्याला वाईट वाटायचं, की आई रोज दुसऱ्याच्या घरी जाऊन टीव्ही बघते. नांदेडहून फोन करायचा. "आई, दसऱ्याला ऑफर लागलीय, घेऊन टाकू."

मी म्हणायची, "दिवाळीला आणखी उतरेल."

दिवाळीला म्हणायची, "नवं मॉडेल यायलंय म्हणतात, ते येऊ दे." पाडव्याला काय म्हणाले ते आठवत नाही. अधिक महिना लागला तेव्हा मला कुणी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, की या महिन्यात नवी वस्तू घेत नाहीत.

एकदा तो आलाच आणि मला दुकानात घेऊन गेला. तिथं ओळीनं टीव्ही लावलेले, सगळ्यांवर एकसारखे पोपट आणि धबधबे. पोपटाचं पीस न् पीस मोजून घ्या. मुलगा म्हणाला, "बघ आई."

मी दुकानदाराला म्हटलं, "भाऊ, पोपट राहू द्या. आमचं नेहमीचं चॅनल लावून दाखवा."

त्यानं कुरकुरत साधं चॅनल लावलं. एवढ्या मोठ्या पडद्यावर माणसं फुगलेल्या पुरीसारखी दिसायला लागली, कडा सगळ्या पुसट.

"हे बघ," मी मुलाला म्हटलं. "टीव्ही एचडी असून काय कामाचा, वरून येणारं चित्र साधंच असलं तर? आपली सगळी चॅनलं एचडी होऊ दे, मग घेऊ."

दुकानदार म्हणाला, "मावशी, तुम्हाला लई माहिती हाय."

माहिती असणारच. न घ्यायची कारणं शोधून शोधून मी त्या विषयात पार तरबेज झाले होते. गल्लीतल्या बाया मला विचारायला यायच्या, "काकू, आत्ता घ्यावा का थांबावं?" मी डबा कुठला, छत्री कुठली, कोणती चॅनलं स्वच्छ येतात, सगळं समजावून सांगायची. माझ्या सल्ल्यानं गल्लीत तीन-चार घरांत एचडी आला. माझ्या घरात तोच पोटवाला डबा.

अक्काही चिडवायच्या. "पोरगा एवढा साहेब झाला अन् तू माझ्या खुर्चीचा वेत मोडायलीस." पण एकदा गंमत झाली. मुलगा घरी आलेला, अक्का दारात भेटल्या तर तो त्यांनाच म्हणाला, "मावशी, आता तुम्हीच सांगा हिला. टीव्ही घ्यायचं नावच काढत नाही."

मला वाटलं, आता अक्का लागतील बोलायला. त्या पदर खोचत म्हणाल्या, "नको रे बाबा. थांब जरा. अजून भाव उतरायलेत."

माझ्याकडं बघितलंही नाही त्यांनी. मीही बघितलं नाही. मुलगा मात्र आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिला.

पण वस्तूला काही कळतं का? माझा जुना टीव्ही एक दिवस चट्ट आवाज करून बंद पडला, जळका वास आला, संपलं. मी मुलाला सांगितलं नव्हतं, सुनेजवळ बोलता बोलता तोंडातून गेलं. दसऱ्याच्या दिवशी सकाळीच दोघं गाडी घेऊन हजर, मागं मोठं खोकं. "आई, आता काही बोलू नको," मुलगा म्हणाला. "एचडी चॅनलं पण सगळी घेतलीत."

काय बोलणार? इतक्या मायेनं आणलेलं. मी टीव्हीवरून हात फिरवला आणि चांगला आहे म्हटलं. खरंच चांगला होता.

पूजेला अक्कांना बोलावलं. त्यांनी टीव्हीच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, मुलानं नारळ फोडला. अक्का दोन पावलं मागं सरून बघत राहिल्या.

"माझ्यापेक्षा मोठा हाय," म्हणाल्या. "बरं झालं माय. आता तुला उठबस नको." पेढा हातातच घेऊन गेल्या.

संध्याकाळी मुलगा-सून नांदेडला परत निघाली. दिवा लावून मी मेथीची जुडी समोर घेतली आणि थापेची वाट बघत बसले. थाप आली नाही. मला वाटलं, आपणच जावं. पण काय म्हणून जायचं? घरात नवाकोरा टीव्ही असताना शेजारी टीव्ही बघायला गेले तर काय म्हणतील? लेकानं एवढा आणला आणि हिला किंमत नाही. आणि अक्कांना तरी कसं वाटेल? कदाचित त्यांना वाटत असेल, आता हिचा मोठा आहे, हिनं बोलवावं. मी बोलवावं म्हटलं तर त्यांचा गुडघा, माझ्या दाराला चार पायऱ्या. असं मनातल्या मनात करत मी टीव्ही लावला.

चित्र काय सांगू! मालिकेतल्या सुनेच्या नथीतला मोती न् मोती मोजता येत होता. मागं तेच देऊळ, यावेळी खांब अजिबात हलला नाही. हलला असता तरी कुणाला सांगणार होते? जाहिराती लागल्या. आवाज बंद केला आणि घर इतकं गप्प झालं की पुन्हा मोठा केला.

दुसऱ्या दिवशीही तसंच. त्याच्या पुढच्या दिवशीही. दारात भेटलो तर अक्का म्हणाल्या, "कसा चालायलाय टीव्ही?" मी म्हटलं, "मस्त." "हाव," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या संध्याकाळी माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. भिंतीपलीकडून अक्कांच्या टीव्हीचा आवाज यायचा, तो माझ्या टीव्हीच्या आधी. माझ्या पडद्यावरची सून अजून जिना उतरत असायची आणि पलीकडं तिचं बोलणं होऊनही गेलेलं. त्यांची छत्री वेगळ्या कंपनीची, माझी वेगळ्या. माझ्याकडं सगळं चार-पाच सेकंद उशिरा पोचायचं. मुलगा नंतर म्हणाला, असं होतं म्हणून. पण तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी नुसती बसून ऐकत होते. आणि टीव्हीच्या आवाजात अक्कांचाही आवाज होता. एकट्याच बोलत होत्या.

"अय्यो! दुधात काय घालायलीय बघ ही!"

माझ्या पडद्यावर अजून दूध तापतच होतं.

"पिऊ नको गं, पिऊ नको, तुझ्या जावेचं काही खरं न्हाई!"

आता जाऊ आली, आता पेला उचलला. कोण पिणार, कोण वाचणार, मला सगळं आधीच कळलेलं. मला हसू यावं की रडू, कळेना. उठले आणि भिंतीवर थापा मारल्या.

"अक्का! आधी सांगू नका ना!"

पलीकडून आवाज आला, "मी कुठं तुला सांगायले? मी माझ्या टीव्हीशी बोलायले."

"तुमचा टीव्ही पुढं पळायलाय!"

"तुझा लंगडा हाय, त्याला मी काय करू?"

मी टीव्ही बंद केला. मेथीचं ताट उचललं, चपला घातल्या. अक्कांचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "काय काम काढलंस?"

"तक्रार करायला आले. तुमच्या टीव्हीनं माझी सगळी गोष्ट फोडली."

"मग बस. तक्रार काय उभ्यानं करतात?"

खुर्ची खिडकीजवळच होती. तिच्यावर अक्कांनी उशी ठेवली होती, ती मी काढून मांडीवर घेतली. मी बसले, ताट दोघींच्या मध्ये ठेवलं. त्यांनी न विचारता एक जुडी ओढून घेतली. तेवढ्यात जाहिराती लागल्या आणि अक्कांनी आवाज बंद केला.

"दसऱ्यापासूनचं किती बघितलंस तू?" त्यांनी विचारलं.

भिंत एकच. त्यांचा टीव्ही मला ऐकू यायचा, तसा माझाही त्यांना ऐकू येत असणारच, रोज, सुरुवातीपासून शेवटापर्यंत.

"काहीच न्हाई," मी म्हटलं.

अक्कांनी मेथीच्या काड्या बाजूला टाकल्या, नीट मांडी घालून माझ्याकडं तोंड केलं आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या. थोरली जाऊ माहेराहून परत आली ती कशी आली, सासूनं तिला दारातच कसं अडवलं, त्या दिवशी सासूनं कोणती साडी नेसली होती. जाहिराती संपून मालिका सुरू झाली तरी त्यांनी आवाज वाढवला नाही.

"मग?" मी म्हटलं.